स्टेनगन म्हणावं की कार्बाईन?

प्रश्न गंगाखेडच्या एका वाचकांचा आहे. आजोबांच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या आठवणी ते लिहून काढतायत. आजोबा म्हणायचे स्टेनगन. पोलीस खात्यातला भाचा वर्णन ऐकून म्हणतो, "तिला कार्बाईन म्हणतेत, मामा." इंटरनेटवर सापडतं सबमशीन गन. तिन्ही एकच का, आणि मराठीत लिहायचं काय?

गोष्ट १९४८ ची असेल तर आजोबांचा शब्द बदलू नका. भाचा सांगतो ती कार्बाईन तेव्हा आपल्याकडे आलेलीच नव्हती.

सबमशीन गन हे जातीचं नाव, स्टेन ही त्या जातीतली एक बंदूक. पिस्तुलाचं छोटं काडतूस वापरणारी, चाप दाबून धरला की एकामागून एक गोळ्या सोडणारी, एका माणसाला हातात धरून चालवता येणारी बंदूक म्हणजे सबमशीन गन. हे इंग्रजी नाव अमेरिकेच्या थॉम्पसनने आपल्या बंदुकीसाठी पहिल्या महायुद्धानंतर रूढ केलं. त्याआधी १९१८ मध्ये जर्मनांनी एमपी-१८ रणांगणात उतरवली होती. ते तिला मशीन-पिस्तूल म्हणत, आणि माझ्या मते तेच नाव जास्त नेमकं आहे. इथला 'सब' फक्त 'मशीनगनपेक्षा लहान' एवढंच सांगतो. त्याचं 'उपयंत्रतोफ' करण्याच्या फंदात कृपया कोणी पडू नये.

स्टेन १९४१ ची. १९४० मध्ये फ्रान्सच्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश फौजेची शस्त्रं मागेच राहिली, थॉम्पसन महाग पडत होती, म्हणून पत्रा, नळ्या आणि वेल्डिंगवर भागणारी स्वस्त बंदूक काढली. ती घडवणाऱ्या शेफर्डचा एस, टर्पिनचा टी, एनफिल्डच्या कारखान्याचं एन मिळून स्टेन. लांबी साधारण ७६ सेंटीमीटर, वजन तीन किलोच्या वर, डाव्या अंगाला आडवं निघालेलं ३२ गोळ्यांचं मॅगझिन. युद्धात अशा चाळीस लाखांच्या आसपास झाल्या.

आजोबांच्या आठवणीतलं एक वाक्य पत्रात आहे: "हातातून पडली अन् आपोआपच उडाली." घरच्यांना ही थाप वाटते. मला तो पुरावा वाटतो. स्टेनचा जड बोल्ट, म्हणजे आत मागेपुढे सरकणारा लोखंडी ठोकळा, स्प्रिंग दाबून मागे अडकवलेला असतो. चाप ओढला की तो सुटतो, जाता जाता मॅगझिनमधलं काडतूस नळीत ढकलतो, उडवतो आणि त्याच धक्क्याने परत मागे येतो. बोल्ट पुढे असतानाही बंदूक दस्त्यावर आपटली, तर तो हिसक्याने मागे जाऊन उलटतो आणि गोळी सुटते. स्टेन या खोडीसाठी बदनामच होती. ते वाक्य गाळू नका.

आता कार्बाईन. मूळ अर्थ घोडेस्वाराची आखूड बंदूक. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, आणि उर्दूत या अर्थाचा 'कराबीन' शब्द जुनाच आहे. काटेकोरपणे कार्बाईन रायफलचंच काडतूस उडवते, फक्त नळी आखूड. पण स्टेनच्या जागी ब्रिटिशांनी १९५३ मध्ये जॉर्ज पॅचेटची स्टर्लिंग घेतली, पुढे ती कानपूरच्या कारखान्यात होऊ लागली, आणि आपल्या सरकारी कागदांत तिचं नाव पडलं ९ एमएम कार्बाईन. काडतूस पिस्तुलाचंच, म्हणजे जातीने सबमशीन गन, नावाने कार्बाईन. त्यामुळे जालना-हिंगोलीच्या राखीव दलातला जवान तिला कार्बाईन म्हणतो ते त्याच्या जागी बरोबरच आहे.

लोकांनी मात्र जुनंच नाव पुढे चालवलं. स्टर्लिंगचं मॅगझिनही डावीकडेच, थोडं वाकडं एवढंच, त्यामुळे लांबून फरक कळत नाही. १९८४ मध्ये इंदिरा गांधींवर त्यांचा अंगरक्षक सतवंतसिंगने झाडली ती स्टर्लिंग, तरी बातम्यांत स्टेनगनच छापून आलं. आपल्याकडे तर टीव्हीवरच्या इस्रायली उझीलाही कोणी स्टेनगन म्हणून जातं. बोलताना चालेल, लिहिताना नको, कारण उझीची घडणच वेगळी. उझीएल गालने १९५० च्या सुमारास बोल्टचा पुढचा भाग पोकळ करून नळीच्या मागच्या टोकावर चढवला आणि मॅगझिन मुठीतच बसवलं. नळी पुरेशी लांब राहूनही बंदूक आखूड झाली. दस्ता दुमडला की जेमतेम ४७ सेंटीमीटर. ही बोल्टची युक्ती चेकोस्लोव्हाकियाच्या बंदुकीत त्याआधीच आली होती, पण नाव झालं उझीचं.

तेव्हा तुमच्या लिखाणात १९४८ साठी स्टेनगन, भाच्याच्या नोकरीबद्दल लिहाल तिथे कार्बाईन, आणि नेमकी कुठली बंदूक ते माहीत नसेल तर सबमशीन गन. तिन्ही स्त्रीलिंगी चालवा, बंदुकीसारख्या. मशीन-पिस्तूल लिहिलंत तर मात्र 'ते'.