पिशवीतला पत्रा

"मॅडम, आमच्या शाळेवर सिमेंटचे पत्रे आहेत. पोरांना काही होणार नाही ना?" वळवाचे दिवस आले की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. वाऱ्यानं एखादा पत्रा उडतो, कुणीतरी मोबाईलवर ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे या पत्र्यांत घातलेल्या तंतुमय खनिजाचा, व्हिडिओ पाठवतं आणि झोप उडते. उत्तर म्हणून एका सरांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

सर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका मराठी शाळेचे मुख्याध्यापक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. शाळेवर पूर्वी कौलं होती. माकडांनी ती शिल्लक ठेवली नाहीत, म्हणून सिमेंटचे पत्रे आले. मेच्या वादळात त्यातले दोन फुटले. शाळा उघडल्यावर सरांनी सातवीच्या पोरांकडून तुकडे उचलून मागं टाकवले, खोली झाडून घेतली. पोरांनी त्याच तुकड्यांनी अंगणात कबड्डीच्या रेघा मारल्या. दोघातिघांनी तर तुकडे जाळात टाकून फटाके केले. तापला की हा पत्रा फाडकन उडतो, हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. लहानपणी मीही केलंय.

मग तो व्हिडिओ आला. सर माझ्याकडं समुपदेशनाला आले तेव्हा खिशात एक छोटी लाल वही होती. "१८ जुलै, पाचवी, तीन वेळा. १९ जुलै, तीच मुलगी, पाच वेळा." वर्गात कोण किती खोकलं याची नोंद. जुलैत खानापुरात पाऊस असा लागलेला असतो की कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. खोकत नाही असं पोर शोधून सापडणार नाही. पण सरांना प्रत्येक खोकला आपल्या नावावर मांडलेला दिसत होता.

मी पुस्तकी उपाय दिले. श्वासाचा व्यायाम, वही आठवडाभर कपाटात, व्हिडिओ बंद. मनात निदानही करून टाकलं होतं: चिंता, अपराधीपण, वर निवृत्तीची हुरहुर.

पुढच्या खेपेला सरांनी बॅगेतून कॅरीबॅग काढून माझ्या टेबलावर ठेवली. "बघा की मॅडम, हाच तो." आत तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा. तुटलेल्या कडेला बारीक पांढुरकी कुसं, पोत्याची शिवण उसवावी तशी. माझी खुर्ची आपोआप मागं सरकली. सरांनी ते बघितलं.

"म्हणजे तुम्हालाबी भ्या वाटतंय."

"वाटतंय, सर."

त्या दिवशी ते पहिल्यांदा मोकळं बोलले. त्यांची भीती मनाचा खेळ आहे असं धरून मी चालले होते, आणि स्वतः मात्र या वस्तूबद्दल धड काही वाचलेलं नव्हतं. पिशवीवर दुसरी पिशवी चढवून गाठ मारली. मग छातीच्या डॉक्टरांना गाठलं आणि जे कळलं ते सरांपुढं ठेवलं.

ॲस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो, हे खरं आहे. पत्र्यात वापरतात ते पांढरं ॲस्बेस्टॉसही त्यातून सुटत नाही. साठहून जास्त देशांनी ते बंद केलंय. आपल्याकडं पत्र्यांना बंदी नाही. पण पत्र्यात हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. धड पत्रा नुसता डोक्यावर आहे म्हणून ते भसाभस खाली येत नाहीत. कापला, भोक पाडलं, फोडला, घासला की धूळ सुटते. त्यातले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात गेले की तिथंच राहतात. आजार दिसतो तो बहुधा २० ते ४० वर्षांनी. सुप्रीम कोर्टानं १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला लावल्या, ते यासाठीच. म्हणजे जूनमध्ये उचललेल्या तुकड्यांचा जुलैतल्या खोकल्याशी संबंध नाही. एकदोनदा धूळ लागलेल्या पोराचा धोका फार कमी. शून्य मात्र नाही. पोरांचे एक्स-रे काढायची गरज नाही, त्यात काही दिसणारही नाही. पुढं विडी-सिगारेटपासून लांब राहिली तर मोठं काम होईल, कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटीनं वाढतो.

सर सगळं ऐकून म्हणाले, "शून्य नाही म्हणालात ते बरं केलंत. 'काही होत नाही' म्हणणारे गावात पुष्कळ हायत."

मग मी सहज विचारलं, "नवे पत्रे बसवले कुणी?"

"आमच्या स्वयंपाकाच्या अक्कांचा नवरा. वीस वर्षं तेच काम करतोय. दर मे महिन्यात वर चढून शेवाळंही तोच खरवडतो, तारेच्या ब्रशनं."

"कापतो कशानं?"

"मशिननं. चक्कीतनं आल्यासारखा पांढरा होतो." बोलता बोलता सर थांबले. "आणि त्याची कापडं अक्का झटकतात. मग तशाच शाळेत भात शिजवायला येतात."

लाल वहीत अख्ख्या शाळेचा खोकला होता. ह्या दोघांचं नाव एकदाही नव्हतं. धुळीत रोज उभा राहणारा माणूस सरांच्या काळजीत नव्हता आणि माझ्याही. घरी आलेल्या कपड्यांवरच्या धुळीनं कामगारांच्या बायकांना आजार झाल्याची उदाहरणं आहेत, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

पुढची कामं पटापट झाली. तुकड्यांवर पाणी मारून, झाडू न लावता, ते जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळले, टेप मारली, खोलीला कुलूप लावलं. वर्ग ओल्या फडक्यानं पुसले. फॅनच्या हुकासाठी पत्र्याला भोक पाडायचं होतं, ते रद्द. शेवाळ खरवडणं बंद. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसला अर्ज गेला, कन्नडमधून. सरांच्या मराठी मसुद्याचं भाषांतर शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंनी हसत हसत करून दिलं. छप्पर बदला आणि तुकडे कुठं द्यायचे ते सांगा, एवढंच त्यात होतं. घातक कचरा असल्यानं उकिरड्यावर टाकता येत नाही. मी हे लिहितेय तोवर उत्तर नाही. गुंडाळी कुलपातच आहे.

अक्कांच्या नवऱ्याला तयार करायला सरांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. "फडकं बांधतोय की तोंडाला," हे त्याचं ठरलेलं उत्तर. फडक्यातून हे तंतू आरामात जातात. शेवटी सर त्याला स्वतः बेळगावला छातीच्या तपासणीला घेऊन आले. विडी अजून सुटलेली नाही, पण मशिन थांबलंय. पत्रा ओला करून करवतीनं कापतो. कपडे आता अक्का झटकत नाहीत, बाहेरच बादलीत बुडवतात.

सर परवा आले होते. वही बघायला मागितली. खोकल्याच्या नोंदी ऑगस्टच्या शेवटी थांबल्यात. त्यापुढच्या पानावर फक्त तपासणीची पुढची तारीख आणि बसची वेळ.