अंदमानात पहिल्यांदा स्नॉर्केलिंग करताना

भावा, पोरांना घेऊन अंदमानला स्नॉर्केलिंग करायला, म्हणजे मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं बघायला चाललायस, लई भारी!

पण खरी तयारी इथंच, कोल्हापुरात कर. मास्क आणि नळी घेऊन तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात तोंडानं सावकाश श्वास घ्यायची सवय लाव. पंचगंगेत पोहणारी पोरंही नळी तोंडात धरली की आधी घाबरतात. मास्क पट्ट्याशिवाय चेहऱ्याला टेकवून नाकानं श्वास ओढ; चिकटून राहिला तर माप बरोबर. मध्ये केस आले की पाणी शिरतं, मिशीनंसुद्धा.

नवखे चुकतात ते इथं:

- उघडी पाठ. पाण्यात ऊन जाणवत नाही, पण पाठ भाजते आणि रात्री झोप लागत नाही. लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला.
- दमल्यावर प्रवाळावर उभं राहणं. तो जिवंत असतो, पायही कापतो. लाइफ जॅकेटवर तरंगा.

प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. डायव्हिंगचं पुढच्या खेपेला बघू.