हंगर गेम्स या इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिकेचा पहिला भाग वाचून झालाय. दुसरा (कॅचिंग फायर) सोडून थेट तिसरा घेतला तर चालेल का? मित्र म्हणतात दुसरा नुसता फिलर आहे, म्हणजे उगाच पानं भरायला लिहिलेला.

कोण मित्र आहेत बे हे तुमचे? माझ्या मावसभावाशी ओळख आहे काय त्यांची? कारण 'फिलर' हा शब्द मी त्याच्या तोंडून घरच्या प्रत्येक लग्नात ऐकत आलोय, पंगतीत बसल्या बसल्या.

नाही चालणार. तिन्हीत दुसराच दमदार आहे आणि हे मी दुसरा सगळ्यात आधी वाचून सांगतोय.

त्याचं असं झालं, भाऊ पुण्याला कंपनीत, तिन्ही पुस्तकं घेतलेली, एका दिवाळीत इकडं आला आणि जाताना दुसरं माझ्याकडे टाकून गेला, म्हणे "ठेव तुला, याच्यात काही नाही, बॅगेत उगाच ओझं." पहिलं न् तिसरं स्वतःपाशी. आता आमचं गाव दारव्ह्याकडचं, मी झेडपीच्या शाळेतला, इंग्रजीचे पेपर गाईडवर काढलेले, कादंबरी काय वाचणार, पडून राहिलं. मग हरभऱ्याचं ओलित सुरू झालं. लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. स्प्रिंकलर एका जागी लावला की पाईप हलवेपर्यंत दोन-अडीच तास काही काम नसतं, झोपलं तर कोपऱ्यात चिखल आणि सकाळी बापाच्या शिव्या, आणि मोबाईलला रेंज फक्त धुऱ्यावरच्या बाभळीपाशी. म्हणून डोक्याला बॅटरी बांधून हे उघडलं.

पहिली पानं काहीच कळेना, कोण पीटा, कोण गेल, ही कॅटनिस नावाची पोरगी एवढी घाबरून कोणाला. पण मग आलं की जंगलात शिकारीला जायचं तर हिला तारेच्या कुंपणाखालून जावं लागते, आणि जायच्या आधी ती कान देऊन ऐकते की तारेत करंट आहे का. तिथं मी सरळ होऊन बसलो. आमच्या वावराला डुकरांसाठी झटका मशीन आहे, त्या वक्ताला बाजूलाच टक टक चालू होती. आम्ही गवताची ओली काडी तारेला टेकवून बघतो, ती कानाने बघते, एवढाच फरक. (झटका मशीनच लावा हो, काही लोक सरळ मेन लाईन तारेत सोडतात आणि डुकराच्या जागी माणूस जातो.) तर एक दिवस ती जंगलातून परत येते आणि ज्या तारेत एरवी करंट नसायचाच ती नेमकी गुणगुणत असते. ही अडकली पलीकडं. शेवटी झाडावर चढून अलीकडं उडी मारते, टाच मोडून घेते, लंगडत घरी पोचते तर घरात शिपाई वाट बघत बसलेले. आता सांगायचं काय? तर म्हणे बहिणीची बकरी गाभण करायची होती, बकरीवाल्याकडे गेले होते, बहिणीनं पत्ता चुकीचा सांगितला. आणि घरातले सगळे त्या थापेत असे सामील होतात, बहीण भांडते काय, आई पाय बघते काय! मी त्या थंडीत एकटा हसत होतो, कारण ही थाप आमच्या गावात आजही चालून जाईल.

याला फिलर म्हणतात काय?

भावाचा पहिला मुद्दा असा की पुन्हा तेच मैदान (सरकार पोरांना एकमेकांना मारायला सोडते ते), तीच मारामारी. खोटं आहे. पुस्तकात 27 प्रकरणं आहेत आणि ती मैदानात उतरते तेव्हा 18 संपलेली असतात. तोवर सगळं हे चाललंय की जिंकलेल्या माणसाला सरकार कसं मोकळं सोडत नाही, गावोगाव मिरवते, लिहून दिलेलं भाषण वाचायला लावते. जिल्हा 11 हा शेतीचा जिल्हा, तिथं एक म्हातारा, पहिल्या भागात मैदानात मेलेल्या तिथल्याच पोरीची चार सुरांची शिट्टी वाजवतो आणि त्याला तिथंच, सगळ्यांसमोर गोळी घालतात. पिकवणारा जिल्हा आणि खायला तोच महाग. कापूसवाल्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नाही, पुण्यात फ्लॅटमध्ये बसून वाचलं तर वाटणारच बाप्पा फिलर.

दुसरा मुद्दा, "कॅटनिस याच्यात काहीच करत नाही, सगळा प्लॅन दुसऱ्यांचा." अरे पण तिला अंधारात ठेवलंय हीच तर गोष्ट आहे! आपलेच लोक, आपल्याच भल्यासाठी, आपल्याला न सांगता आपला वापर करतात. आणि शेवटी बाणाला वायर बांधून मैदानाचं छत कोण फोडते? भाऊ याचं उत्तर देत नाही, जिलेबी मागतो.

आता खरं तेही सांगतो. कोणावर प्रेम करू, पीटावर की गेलवर, ती पानं मी भराभरा पलटवली. शेवट फार घाईत उरकलाय, सगळा खुलासा दोन-चार पानात एकदम अंगावर येते. इंग्रजी मात्र सोपं आहे, वाक्यं छोटी, सगळं वर्तमानकाळात, अडलेला शब्द सोडून पुढं गेलं तरी चालते. आणि मी केलं तसं दुसऱ्यापासून सुरू करा असं म्हणत नाही, तुमचा पहिला झालाय ते बरंच आहे. वरती जे सांगून टाकलं त्याला स्पॉयलर म्हणू नका, पुस्तक 2009 चं आहे.

थेट तिसऱ्यावर गेलात तर सुरुवातीलाच कॅटनिसचं गाव जळालेलं आहे आणि वाचलेले लोक जिल्हा 13 मध्ये आहेत. जिल्हा 13 तर बेचिराख झाला होता ना? तो जिवंत असल्याचा संशय पहिल्यांदा दुसऱ्या भागातच येते, जंगलात लपलेल्या दोन बाया तिला सांगतात की टीव्हीवर त्या जिल्ह्याचं जे दाखवतात त्याच्या कोपऱ्यात दर वेळी तोच पक्षी, तोच पंख दिसतो. 2013 च्या सिनेमात या दोघी नाहीतच, म्हणून सिनेमा पाहून काम भागवतो म्हणाल तर तेही नका करू.