लष्कराच्या भाकऱ्या आता नकोशा का वाटतात?

“मॅडम, फोनवर मंडळाचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो. बारा वर्षं मुलींना खो-खो शिकवतोय, एक रुपया घेतला नाही. आता वाटतं, सोडून द्यावं. मी स्वार्थी झालोय का?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे वर्षातून चार-पाच जण तरी येतात. कुणी कबड्डीच्या मंडळातले, कुणी मॅरेथॉनला पहाटेपासून पाण्याच्या टेबलावर उभे राहणारे. हे सर (त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे) नाशिकच्या सातपूरला कारखान्यात काम करतात. फर्स्ट शिफ्ट सुटली की घरी न जाता थेट पंचवटीतलं मैदान. त्या दिवशीही ते तिथूनच आले होते. नखांच्या कडांना मैदान आखायची पांढरी फक्की चिकटलेली, शर्टाच्या खिशात शिट्टी.

घरून रोजचं ऐकायचं, “लष्कराच्या भाकऱ्या भाजताय.” पूर्वी ते यावर हसायचे. हल्ली ते वाक्य लागत होतं.

मी विचारलं, “मंडळाने तुमचं कौतुक कधी केलं नाही का?” केलं होतं. मागच्या वर्षी शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. महिनाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच. इथेच ते गोंधळले होते. सत्कार होऊनही मन भरत नाही, म्हणजे दोष आपल्यातच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मला तसं वाटत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं, कामात फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? १९५९ साली त्याने निष्कर्ष मांडले. छान वाटण्याची कारणं होती काहीतरी साध्य होणं, दाद मिळणं, जबाबदारी, खुद्द काम. वाईट वाटण्याची कारणं बहुतेक वेगळीच निघाली, आणि त्यात कारभाराची पद्धत सगळ्यात पुढे होती. म्हणजे वैताग आणि आनंद ही दोन वेगळी खाती आहेत. एकात भरलेलं दुसऱ्यात जमा होत नाही. शालीने आनंदाच्या खात्यात भर पडली, वैतागाचं खातं जिथल्या तिथे राहिलं.

ती माणसं पगारी होती, हेही खरं. पण माझा अनुभव असा की बिनपगारी माणसाला कारभाराची टोचणी जास्तच बोचते. नोकरीत माणूस पुष्कळ काही गिळतो, कारण एक तारखेला पगार होतो. मैदानावर येणाऱ्याने कशाच्या जोरावर गिळायचं?

मी त्यांना एक साधी वही करायला सांगितली. डाव्या पानावर ‘काय टोचलं’, उजव्या पानावर ‘कशाने बरं वाटलं’. रोज दोन ओळी. पंधरा दिवसांनी वही आली ती डावीकडे गच्च भरलेली. रात्री अकराला ग्रुपवर मेसेज, ‘उद्या सकाळी मैदान आखून ठेवा’. फक्कीची गोणी, ग्लुकोज, मुलींची रिक्षा, सगळं खिशातून. जन्मदाखले गोळा करायला त्यांनी दारोदार फिरायचं आणि संघाची यादी मात्र बैठकीत, त्यांना न विचारता बदलायची. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज चढला. पोरी रोज त्यांच्यासमोर पळतात आणि कोण खेळणार ते दुसराच ठरवतो!

उजव्या पानावर मोजून तीन नोंदी होत्या. त्यातली एक त्यांनी मला वाचून दाखवली: ‘आठवडाभर घाबरत होती, आज खांबावरून आकाशीय सूर मारला आणि गडी टिपला. गुडघा सोलला, तरी हसत होती.’ वाचता वाचता ते थांबले. डाव्या पानावर मुलींबद्दल एकही तक्रार नव्हती, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

सोडायचं काय, हे मग त्यांना ठरवता आलं. ग्रुपची आणि कागदपत्रांची जबाबदारी त्यांनी एका माजी खेळाडूकडे दिली. मैदान आणि मुली स्वतःकडे ठेवल्या. भर बैठकीत बोलण्याआधी सचिवांना एकट्याने चहाला भेटा, असं मी सुचवलं. चारचौघांत काढलेली गोष्ट मानापमानावर जाते, हे मंडळात वावरलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मागण्या तीनच: स्पर्धेची तारीख तीन आठवडे आधी कळावी, संघनिवडीला मला बसवावं, खर्च बिलावर मिळावा.

सचिवांना धक्काच बसला. “तुम्ही कधी बोलला नाहीत!” तेही बिनपगारीच; त्यांचीही एखादी वही भरली असती. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या.

सरांचा वैताग पूर्ण गेलेला नाही. फोन वाजला की अजून कपाळावर आठी येते, पण सोडायची भाषा थांबली आहे. खर्चाचं लटकलेलंच आहे. पुढच्या बैठकीत ते विषय पुन्हा काढणार आहेत. मागच्या भेटीत त्यांनी बिलांची फाइल दाखवली. सगळ्यात वर फक्कीच्या गोणीचं बिल होतं, पांढरी बोटं उमटलेलं.