मार्क चांगले आहेत, मग आर्ट्स कशाला?

लातूरच्या ट्यूशन एरियात मी समुपदेशन करते. निकाल लागले की माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं एकाच वाक्यानं सुरू होतात : "मॅडम, दहावीला हिला 94 टक्के होते." पुढचं न सांगताच कळतं. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोनदा दिली, नंबर लागला नाही आणि लेकरू आता बीए करायचं म्हणतंय.

परवाचे वडील औसा तालुक्यातले, पाच एकरवाले. क्लासची फी, खोलीभाडं, मेस असा दोन वर्षांचा हिशोब त्यांनी वहीत लिहूनच आणला होता. "एवढं करून बीए? गावात तोंड काय दाखवू?" मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती.

सवयीनं मी आधी नोकरीचीच बाजू मांडली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, विचार करून लिहिता येणाऱ्यालाच तिथं निभाव लागतो, वगैरे. ते म्हणाले, "जागा किती अन् बसणारे किती, ते मला बी ठावं हाय." त्यांचं बरोबर होतं.

मग मी बाबासाहेबांचं उदाहरण दिलं. 1913 साली कोलंबियाला गेले, तेव्हा अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असं सगळं शिकले. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा माणूस पुढं संविधानाच्या मसुद्यावर बसला, तो त्या पायावर. "ते बाबासाहेब होते, मॅडम." यावर काय बोलणार!

म्हणून मुलीलाच विचारलं, तुला बीएचं खूळ शिरलं कुठून? ती पहिल्यांदा बोलली. "पीकविम्यावरून."

गेल्या खरिपात त्यांचं सोयाबीन पाण्यात गेलं होतं, विमा मात्र मिळाला नाही. वडील म्हणत, वशिला नव्हता. हिनं योजनेचे नियम मोबाइलवर काढून वाचले. नुकसानभरपाई एकेकाच्या शेतावर ठरत नाही, महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर ठरते. मंडळात पीककापणी प्रयोग होतात, त्यातून निघालेलं उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली गेलं तरच पैसे. आणि हा उंबरठा कसा काढतात? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी, तिचे 70 टक्के.

"पण मॅडम, सातातली चार वर्षं वाईट गेली तर चांगली पाच आणायची कुठून? सरासरीच खाली येणार. म्हणजे ज्या भागाला सारखा फटका बसतो, त्याचाच उंबरठा बुटका होत जातो. हे ठरवताना कुणाला दिसलं नाही का? आणि गाव सोडून मंडळच का धरलं?"

मी वडिलांकडे पाहिलं. या एका प्रश्नात संख्याशास्त्र आहे, भूगोल आहे, राज्यकारभार आहे आणि अर्थशास्त्र तर आहेच. पदवीच्या वर्षांत हे सगळं एकत्र हाताळायला शिकणं, यालाच मी पाया म्हणते. पोरगी नीटला हरून इकडं पळत नव्हती, हे मलाही तेव्हाच कळलं.

मात्र कुठल्याही बीएला माझा होकार नसतो. वर्षभर कॉलेजचं तोंड न बघता, गाइड पाठ करून बीए होणारे आपल्याकडं ढिगानं आहेत. म्हणून वडिलांना म्हटलं, प्रवेशाआधी एखाद्या कामाच्या दिवशी न सांगता कॉलेजात जा. तास चालू आहेत का, ग्रंथालयाच्या रजिस्टरवर शेवटची तारीख कोणती, हे बघा. मुलीला सांगितलं, 2020च्या शैक्षणिक धोरणामुळं मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीला मायनर हा दुय्यम विषय आणि दुसऱ्या शाखेतला आवडीचा विषय, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, घेता येतो. तिथं सगळे घेतात म्हणून सोपा विषय उचलू नकोस. संख्याशास्त्र मिळतंय का विचार. आणि रोज दोन पानं इंग्रजी वाच, त्याला पर्याय नाही.

तीन वर्षांनी नोकरी हातात असेल, असं मी म्हटलं नाही. कायदा, एमए, स्पर्धा परीक्षा, बँक या वाटा उघड्या असतील, एवढंच म्हटलं.

वडिलांनी वही मिटली. बराच वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "म्हणजे वरच्या शिवारातलं पीक बरं आलं, म्हणून आपला विमा गेला?"

"एकट्या त्याच्यामुळं नाही, बाबा. घरी कागदावर मांडून दाखवते."

दारात चप्पल घालता घालता ते मागं वळले. "मॅडम, फॉर्मची शेवटची तारीख काय हाय?"