वायर वाचवायची की काम?

प्रश्न : अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या पुस्तकांच्या दुकानात आठ संगणक जोडायचे आहेत. वायरमन प्रत्येकाची वेगळी वायर नेटवर्कच्या स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या डब्यापर्यंत, न्यायची म्हणतो. एकातून दुसऱ्यात ओढली तर वायर वाचेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाचेल, पण तसं करू नका. वायरमनचं ऐका. त्याची मांडणी म्हणजे स्टार. एखादी वायर उंदराने कुरतडली तर तेवढाच संगणक बंद पडतो, बाकीचे सात चालू राहतात. तुमच्या मनातली मांडणी ‘बस’च्या जातीची, म्हणजे एकाच वायरीवर सगळे संगणक ओळीने. नव्वदच्या दशकात मी पेठांमधल्या ऑफिसांत ती जोडलेली आहे : काळी कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल) केबल, प्रत्येक संगणकामागे टी-कनेक्टर, दोन्ही टोकांना 50 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपी. झाडताना एक टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस ठप्प, मग टेबलांखाली शिरून एकेक जोड तपासत बसायचं! तिसरी मांडणी मेश. तिच्यात प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं, म्हणजे आठ संगणकांना 28 वायरी. दुकानात कशाला?

स्टारमध्ये स्विच गेला की सगळंच गेलं, म्हणून त्याला छोटा यूपीएस द्या आणि एक जादा स्विच कपाटात ठेवा. कॅट-6 ची (हा नेटवर्कच्या वायरीचा प्रकार) प्रत्येक वायर 100 मीटरच्या आत हवी. दोन्ही टोकांना नंबर मात्र आत्ताच लावून घ्या.