इस्तंबूलमध्ये एकच दिवस आहे आणि दिवसभर पाऊस दाखवतोय. जास्तीत जास्त काय बघून होईल, आणि जेवायचं कुठे?

तुमच्या प्रश्नातल्या 'जास्तीत जास्त' या शब्दावरून माझं आणि माझ्या भावाचं अजून भांडण चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

डिसेंबर 2022 मध्ये मी, आई आणि दादा तिथे होतो. दादाची यादी तयार होती: आयासोफिया मशीद, येरेबातान, तोपकापी राजवाडा, ग्रँड बाझार, गलाता टॉवर, सगळं एका दिवसात. जुन्या शहरातल्या सुलतानअहमेत चौकात ट्राममधून उतरलो तेव्हाच पाऊस लागला होता. तिथला हिवाळी पाऊस बारीक आणि तिरका. समुद्रावरून वारा येतो आणि पाणी छत्रीच्या खालून अंगावर येतं. आयासोफियाच्या रांगेत तासाहून जास्त उभे राहिलो. आईच्या पायात कापडी बूट होते. ती काही बोलली नाही, आणि मला राग याचाच येतो, की ती बोलत नाही म्हणून कोणी विचारतही नाही.

आत बूट काढावे लागले. हिरव्या गालिच्यावर आईच्या मोज्यांचे ओले ठसे उमटत होते आणि ते दिसू नयेत म्हणून ती पाय जवळ ओढून एकाच जागी उभी होती. दादा मोबाईलवरून वाचून दाखवत होता: वास्तू 537 ची, पहिला घुमट 558 मध्ये कोसळला, 562 मध्ये नवा उभा राहिला. माझं लक्ष घुमटाकडे जाईचना.

तिथून समोरच्या येरेबातानमध्ये उतरलो. पावसात ही जागा चुकवू नका, हे मी ठामपणे सांगते. सहाव्या शतकातला जमिनीखालचा पाण्याचा साठा आहे तो. शहराबाहेरच्या जंगलातून खापराच्या नळांनी आणि पूलवजा कालव्यांनी आणलेलं पाणी इथे साठायचं. नऊ-नऊ मीटर उंचीचे 336 खांब, खाली वीतभर पाणी, आणि छतातून मधूनच एखादा थेंब टपकन पडतो. अगदी आतल्या कोपऱ्यात दोन खांबांखाली मेड्यूसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या बाईची, दगडी मुंडकी आहेत, एक उलटं, एक आडवं. आई त्या आडव्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. पहिल्यांदा त्या दिवशी काहीतरी बघत होती.

बाहेर आलो तर दादा म्हणाला, आता तोपकापी. रस्त्यातच आमचं वाजलं. तोपकापी म्हणजे एक इमारत नव्हे. चौक, बागा, सुटे सुटे मंडप, एका दालनातून दुसऱ्यात जायला उघड्यावरून चालायचं. पावसात तिथे भिजलेल्या पायांच्या सत्तरीच्या बाईला न्यायचं? शेवटी तो एकटा गेला आणि मी आईला घेऊन ट्रामच्या रुळांच्या कडेने उतरत सिर्केजीच्या मागच्या गल्लीत एका लोकांतात शिरले. लोकांता म्हणजे दुकानदार, कामगार दुपारी जिथे जेवतात ते साधं खानावळीसारखं हॉटेल. पदार्थ काचेमागे वाफेवर मांडलेले असतात, बोट दाखवायचं. मालकाने आईकडे बघितलं, 'तेय्झे' म्हणत हीटरजवळ खुर्ची ओढली, तिचे बूट मागून घेतले आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले. तेय्झे म्हणजे मावशी, आईचीच बहीण, आत्या नाही. आईला हे सांगितल्यावर ती जी हसली!

मर्जिमेक चोर्बासी, मसुराचं सूप, वर लिंबू पिळायचं, लाल मिरचीचा चुरा भुरभुरायचा, सोबत पाव. आईने दोन वाट्या घेतल्या. मग चहा, मग आणखी चहा. दोन तास बसलो. काचेवर इतकी वाफ होती की बाहेरचा रस्ता दिसत नव्हता.

शाकाहारी असाल तर सूप घेण्याआधी 'एत सुयू वार मी?' विचारा, म्हणजे मांसाचा रस्सा आहे का. पुष्कळ ठिकाणी असतो. 'झेतिनयाली' म्हणून ऑलिव्ह तेलातल्या भाज्या असतात, त्या हमखास चालतात, पण थंडच वाढतात. गारठून आलात तर आधी सूपच. आणि सुलतानअहमेत चौकातल्या, दारात उभं राहून हाका मारणाऱ्या हॉटेलांत जाऊ नका.

दुपारी दादा चिंब होऊन एमिनोन्यूच्या धक्क्यावर भेटला आणि आम्ही पलीकडच्या, आशियातल्या किनाऱ्यावरच्या कादिकोयची बोट धरली. वीसेक मिनिटं, ट्रामचंच कार्ड चालतं, आत ऊब असते, चहा मिळतो. तोपकापी राजवाडा, आयासोफिया, सुलेमानिये मशीद ओळीने काचेतून दिसतात, एकही पाऊल न भिजवता. दादा आजही म्हणतो, तुझ्यामुळे दोन ठिकाणं राहिली. आईला विचारा, ती वर्तमानपत्राचे बोळे सांगते.

तेव्हा माझं मत: येरेबातान, लांबलचक जेवण, बोट. वेळ उरलाच तर ग्रँड बाझार, वर छप्पर आहे. गलाता टॉवरवरून पावसात फारसं दिसत नाही, सोडा.

काही गोष्टी राहिल्या. 2024 पासून आयासोफियात पर्यटकांना फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, तिकीट 25 युरोंचं झालं, खालचा भाग नमाजासाठी. रविवारी ग्रँड बाझार बंद, मंगळवारी तोपकापी. 'लोदोस' नावाचा दक्षिणेचा वारा जोरात असला तर बोटी रद्द होतात, सकाळीच बघून घ्या. आणि तुम्ही तरुण असाल, एकटे असाल, पायात चांगले बूट असतील, तर दादासारखं फिरलात तरी जमेल, ते मी नाकारत नाही. पण बरोबर कोण आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. वयस्कर कोणी असेल तर पिशवीत कोरडे मोजे ठेवा, आणि पाय ओले झालेत का, हे दर तासाला तुम्हीच विचारा.